सतत गैरहजर

२००९ च्या जुलै महिन्यात माझे नाव मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाच्या प्रवेश यादीत लागले. त्याआधीचे तीन आठवडे मी आणि वडील एका माणसाची शाळेतली नोंद शोधत हिंडत होतो. तो माणूस म्हणजे माझे आजोबा. त्यांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती आणि ते शाळेत किती दिवस गेले, मुळात गेले की नाही, याविषयी घरात कोणालाच खात्रीने काही सांगता येत नव्हते. एका मुलीला एम. ए. ला प्रवेश हवा म्हणून साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या एका मुलाची हजेरी शोधावी लागते, ही गोष्ट त्या वेळी मला केवळ त्रासाची वाटली. माझ्या समाजशास्त्राच्या अभ्यासाची सुरुवात त्या शोधापासून झाली, हे कळायला पुढे पुष्कळ दिवस जावे लागले.

आमचे घर मालवण तालुक्यातल्या एका गावात, किनाऱ्याला लागून असलेल्या गाबीतवाड्यात, म्हणजे मासेमारी करणाऱ्या गाबीत जातीच्या वस्तीत आहे. वडील रापणीवर जातात. ज्यांनी रापण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळात सोडले जाते आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर उभी असलेली तीस-चाळीस माणसे तासन् तास ओढत राहतात. मासळी वर आली की तिचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. लहान मुलांच्या हातालाही काहीतरी लागते. यांत्रिक होड्या आणि पर्ससीनची जाळी आल्यापासून रापणीला मिळणारी मासळी घटत गेली, हे आमच्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असते, आणि तरीही वडिलांच्या पिढीने दोर सोडला नाही. मी बारावीनंतर मालवणच्या महाविद्यालयात कला शाखेला गेले ती दुसरे काही जवळ नव्हते म्हणून. तृतीय वर्षाला एका विषयाचे सहा पेपर घेण्याची सोय होती, तेव्हा मी समाजशास्त्राचे सहा पेपर घेतले. हा निर्णय मात्र माझा स्वतःचा होता.

त्याचे कारण एक वाक्य होते. भारतीय समाजशास्त्रज्ञांची ओळख करून देताना आमच्या बाईंनी वर्गात पुस्तकातून वाचले की गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १८९३ साली मालवण येथे झाला. वाचून झाल्यावर त्या थांबल्या आणि त्यांनी आमच्याकडे पाहिले. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्राध्यापक, आणि १९२४ पासून १९५९ पर्यंत हा विभाग घुर्यांनी चालवला, एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे, ए. आर. देसाई हे सगळे त्यांचे विद्यार्थी. भारतातल्या समाजशास्त्राचा पाया ज्यांनी घातला असे म्हणतात तो माणूस आमच्या तालुक्याच्या गावचा होता, आणि वीस वर्षे त्याच गावात भाजी-बाजाराला जाणाऱ्या मला त्याचे नाव पहिल्यांदा ऐकू आले ते परीक्षेला येणाऱ्या प्रश्नाच्या निमित्ताने. मालवणहून निघालेली वाट त्या विभागापर्यंत एकदा गेलेली आहे, एवढे मला त्या दिवशी समजले. घुर्यांचा संस्कृतचा अभ्यास आणि आमच्या घरचे जाळे यांत किती अंतर आहे याचा विचार तेव्हा मनात आला नाही. तो नंतर आला.

पुढे शिकायचे ठरले तेव्हा वाड्यात प्रश्न सुरू झाले. शेजारच्या काकीने विचारले, "समाजशास्त्र म्हंजे काय गो? समाजसेवा करतलंस?" मी म्हटले, नाही. "मगे काय करतलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हते. 'समाजाचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे समाजशास्त्र' ही पाठ केलेली व्याख्या काकीसमोर, ती सुकत घातलेली मासळी उलथत असताना, उच्चारण्यासारखी नव्हती. भूगोल घेतलास तर शिक्षिका होशील, मराठी घेतलेस तरी होशील, पण हे शिकून नेमके काय होते, हा प्रश्न तिने मनापासून विचारला होता आणि तिला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार होता, कारण माझ्या आधी वाड्यातली एकही मुलगी पदवीपुढे गेलेली नव्हती आणि मी जे करीन त्यावर तिच्या मुलीचे पुढचे ठरणार होते.

मुंबई विद्यापीठाच्या अर्जाआधी मी आणखी एका ठिकाणी प्रयत्न केला होता. एक नावाजलेली संस्था, इंग्रजीतली लेखी परीक्षा, आणि तीतून निभावल्यास मुलाखत. लेखी परीक्षेत कशी कोण जाणे मी निभावले. मुलाखतीच्या दालनात टेबलापलीकडे तीन माणसे होती. ती वाईट वागली नाहीत. एकाने मला पाणी पुढे केले. दुसऱ्यांनी इंग्रजीत विचारले की तुझे वडील काय करतात. मासेमारी या शब्दाचे इंग्रजी मला येत होते. रापण म्हणजे काय हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगताही आले असते. मी म्हणाले, "बिझनेस." कसला, असे त्यांनी विचारले तेव्हा मी गप्प राहिले, आणि त्यानंतरच्या प्रश्नांना मी जे काही बोलले ते मला आजही आठवत नाही. माझी निवड झाली नाही. त्याचे दुःख काही दिवसांनी ओसरले, पण तो एक शब्द ओसरला नाही. परतीच्या गाडीत खिडकीला डोके टेकून मी स्वतःला विचारत होते की मी खोटे का बोलले, आणि मला उत्तर सापडत नव्हते, कारण वडिलांच्या कामाची मला कधीच लाज वाटली नव्हती. निदान घरी असताना वाटली नव्हती. लाज ही माणसाच्या आत असते असे मी समजत होते. ती एका विशिष्ट खोलीत, विशिष्ट भाषेत विचारलेल्या प्रश्नासमोर उभी राहू शकते, हे मी तोवर अनुभवले नव्हते.

त्यानंतर कागदपत्रे आली. मालवणच्या महाविद्यालयात कला शाखेच्या जागा कधी भरतच नसत, त्यामुळे जातीच्या दाखल्याची गरज मला पडली नव्हती. विद्यापीठाच्या विभागात जागा मोजक्या होत्या आणि अर्ज राज्यभरातून येणार होते, म्हणून राखीव जागेसाठी तो दाखला आता हवा होता. इतर मागासवर्गीयांना जातीचा दाखला काढताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. वडील शाळेत गेले जून १९६८ मध्ये, म्हणजे आठ महिने उशिरा. जमिनीचा कागद आमच्या नावावर नव्हता. घर ज्या जागेवर उभे होते ती जागा दुसऱ्यांची. म्हणून आजोबांची शाळा. आणि आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांचे थोरले भाऊ, आणि तेही नसतील तर आणखी मागे. आमच्यासारख्या घरांत पूर्वजांची आठवण ठेवण्याचे काम पिंडाला शिवणाऱ्या कावळ्यावर आणि म्हाताऱ्या बायकांवर सोपवलेले असते. कागदाने ते काम आमच्याकडे कधी केलेले नव्हते.

शाळेच्या मुख्याध्यापकांनी मदत केली. पावसाची झड चालू होती, आणि जुनी जनरल रजिस्टरे ज्या कपाटात होती त्याचे दार फुगून बसले होते. ते उघडायला वडिलांनी खांदा लावला. रजिस्टरांची पाने पिवळी नव्हे, तपकिरी झालेली होती आणि कडेने त्यांचा भुगा होत होता. गुरुजी एकेक पान पोस्टकार्डाने उलटत होते, बोट लावत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना प्रथम आजोबांच्या थोरल्या भावाची नोंद सापडली. १९३९ साल. नाव बरोबर, गाव बरोबर, आणि जातीच्या रकान्यात 'हिंदू मराठा'. पुढच्या रजिस्टरात आजोबा सापडले: १९४३, तेच वडिलांचे नाव, तोच वाडा, आणि जात 'गाबीत'. सख्खे भाऊ, एकच चूल, मध्ये चार वर्षे, आणि दोन जाती. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. वडील म्हणाले, चूक झाली असेल. गुरुजी म्हणाले, चूक म्हणता येणार नाही. ज्या मास्तरांनी जे विचारले आणि ज्यांनी जे सांगितले ते लिहिले गेले.

हे वाक्य मी पुढे अनेकदा आठवले आहे. विद्यापीठात आल्यावर वाचनात आले की १९०१ च्या जनगणनेत जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची सामाजिक श्रेष्ठत्वानुसार उतरंड लावण्याचा घाट घातला आणि त्यानंतर देशभरातल्या जातींनी आपले नाव वरच्या जागी लिहिले जावे म्हणून अर्ज-विनंत्यांचा धडाका लावला. जनगणनेच्या या मोजणीने जातीची जाणीव मंदावण्याऐवजी तीव्र केली, असे घुर्यांनी १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. सर्व जातींची पूर्ण मोजणी करणारी १९३१ ची जनगणना त्याआधी नुकतीच होऊन गेली होती. माझे पणजोबा लिहिणे-वाचणे न जाणणारे होते, पण १९३९ मध्ये थोरल्या मुलाला शाळेत घालताना त्यांनी जे सांगितले असेल ते हवेतून आलेले नव्हते. ते त्या काळात गावोगाव चाललेल्या खटपटीचा भाग होते. आणि चार वर्षांनी धाकट्याला घालताना वेगळे काही सांगितले गेले, की मास्तर बदलले होते, हे आता कोणीच सांगू शकत नाही. जात ही जन्माने ठरते आणि बदलत नाही हे खरे, आणि ती कागदावर उतरताना कोणाच्या तरी लेखणीतून, कोणाच्या तरी आशेतून किंवा भीतीतून उतरते हेही तितकेच खरे. ही दोन्ही सत्ये त्या फुगलेल्या दाराच्या कपाटात शेजारी शेजारी पडून होती.

आजोबांच्या ओळीत शेवटी आणखी एक रकाना होता: शाळा सोडण्याचे कारण. तिथे लिहिले होते, 'सतत गैरहजर'. तिसरीत असताना, १९४६ साली, त्यांचे नाव कमी केले होते. गुरुजींनी निर्गम उतारा, म्हणजे शाळा सोडल्याच्या नोंदीची नक्कल, लिहून, शिक्का मारून वडिलांच्या हातात दिला तेव्हा वडिलांनी तो वाचला, घडी घातली, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून ती पिशवी सदऱ्याच्या आत घातली. ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मी आजीला उतारा वाचून दाखवला. सून म्हणून ती या घरात आली तेव्हा आजोबा एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे तिने ते शाळकरी वय पाहिलेलेच नव्हते. तरी ती चटकन म्हणाली, "तो गैरहजर नाय होतो गो. दर्यार होतो."

तिच्या म्हणण्यात रुसवा नव्हता. ती एका चुकीच्या नोंदीची दुरुस्ती करत होती. रापणीचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो, आणि शाळेचे वर्षही नेमके तेव्हाच भरात असते. दहा वर्षांचा मुलगा पहाटे दोर ओढायला गेला तर घरी मूठभर मासळी जास्त येत होती. शाळेच्या बाजूने पाहिले तर जागा रिकामी, किनाऱ्याच्या बाजूने पाहिले तर जागा भरलेली. नोंद ठेवण्याचे साधन मात्र एकाच बाजूकडे होते.

दाखल्याची बाकीची कहाणी सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी तहसील कार्यालयाबाहेरच्या सेतू केंद्रात उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमी लेअर, अधिवास आणि प्रतिज्ञापत्र यांसाठी रांगा लावल्या आहेत त्यांना ती पाठ आहे. एवढेच नोंदवते की हे सारे जून-जुलैमध्ये होते, आणि जून-जुलैमध्ये समुद्र बंद असतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, घरात पैसा येण्याची वाट बंद असते, आणि साठवणीच्या सुक्या मासळीवर दिवस काढायचे असतात. प्रवेशाचे शुल्क, झेरॉक्स, गाडीभाडे, मुंबईतला पहिला महिना, हे सगळे त्याच दोन महिन्यांत उभे करावे लागते. शेतकऱ्यांच्या घरीही तेच. पैसा बियाण्यात आणि खतात गुंतलेला असतो. प्रवेशाचे वेळापत्रक महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्या घरांना धरून बसवलेले आहे असे कोणी कुठे लिहून ठेवलेले नाही, पण ते तसे आहे. आईने तिच्या बांगड्या पतपेढीत ठेवल्या. नारळी पौर्णिमेनंतर सोडवू, असे ती म्हणाली. त्या दिवाळीनंतर सुटल्या.

आमच्या जिल्ह्यातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशीच संलग्न आहेत, म्हणून मला स्थलांतर प्रमाणपत्र लागले नाही. कागदोपत्री मी कुठे जातच नव्हते. प्रत्यक्षात कुडाळहून रात्री कोकणकन्या पकडून पहाटे दादरला उतरले. सोबत वडील होते, आणि पिशवीत कागदांची फाईल. कालिन्याच्या विद्यानगरीत कागद तपासणाऱ्या टेबलावर एक वयस्क कारकून बसले होते. त्यांनी आजोबांचा उतारा इतर कागदांसारखाच पाहिला, फक्त तारीख बघितली, आणि त्यावर खूण करून फाईल पुढे सरकवली. अर्जात पालकांच्या व्यवसायापुढे या वेळी मी 'मासेमारी (रापण)' असे लिहिले होते. ते वाचून त्यांनी मान वर करून वडिलांकडे पाहिले आणि विचारले, "रापण अजून आसा?" ते वेंगुर्ल्याचे निघाले. वडील त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी बोलले.

माझी राहण्याची सोय परळला, वडिलांच्या चुलतभावाच्या चाळीतल्या खोलीत झाली. याच चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर गावच्या पुरुषांची एक सामायिक खोली होती, जिथे आजोबा १९५४ पासून राहिले. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-बावीस जण नावाला, आणि पाळ्यांमुळे एका वेळी निजायला सात-आठ. ट्रंका भिंतीशी रचलेल्या, वळकट्या दोरीवर, जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बाई कोणा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा असे. अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे मला पुढे अभ्यासात भेटले, आणि काकाने सहज सांगितले की आजोबांची खानावळवाली त्यात होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. आजोबा वर्षभर थांबून गावी परतले आणि पुन्हा दोराला लागले.

काकाजवळ आजोबांचे गिरणीतले एक कार्ड होते. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात कामाला, आणि मागच्या बाजूला खाड्यांची नोंद. शिमग्याला खाडे, गणपतीला खाडे, आणि एका वर्षी ऑक्टोबरात सलग अकरा खाडे. "रापणीक जायत," काका म्हणाला. शाही श्रम आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात गिरणी कामगाराचे गावाशी असलेले नाते हा मोठा विषय केला होता आणि ते नाते तुटू देऊ नये असे मत दिले होते. याउलट, कामगार मन लावून काम करत नाहीत, गावाला पळतात, ही मालकांची तक्रार सतत असे. ते कार्ड हातात घेऊन मी बराच वेळ बसले. शाळेत असताना हा माणूस किनाऱ्यावर होता म्हणून गैरहजर, आणि गिरणीत असताना पुन्हा किनाऱ्यावर होता म्हणून खाडा. आयुष्यातल्या दोन्ही कागदांवर त्याची जी ओळख उरली ती तो कुठे नव्हता याची होती.

वर्गातले पहिले महिने कठीण गेले. परीक्षेत उत्तरे मराठीत लिहिता येत होती, पण वाचनाची यादी जवळपास संपूर्ण इंग्रजीत होती, आणि 'एंडोगॅमी' हा शब्द दहा वेळा वाचूनही मला कळत नव्हता. तो म्हणजे आपला अंतर्विवाह, ज्यावर मी पदवीला आठ गुणांचे उत्तर लिहिले होते, हे कळले त्या दिवशी मला सुटल्यासारखे वाटले. त्यानंतर मी वहीच्या उजव्या बाजूला मराठी शब्द लिहू लागले आणि इंग्रजी परिच्छेदाचा गाभा ओळखीचा निघू लागला. पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे याच काळात मराठीतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या या अडचणीकडे अध्यापनशास्त्राचा मूळ प्रश्न म्हणून पाहत होत्या आणि त्यावर लिहीत होत्या, हे मला तेव्हा ठाऊक असते तर ते महिने थोडे कमी एकाकी गेले असते. २०१३ मध्ये त्या गेल्या तेव्हा मी त्यांना एकदाही भेटले नव्हते, आणि तरीही मला आपले माणूस गेल्यासारखे वाटले.

त्याच अंतर्विवाहाच्या निमित्ताने मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा निबंध वाचला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी तो वाचला होता. जातीचे सार अंतर्विवाहात आहे, आणि जात टिकवायची तर 'जास्त' ठरलेल्या स्त्रीची, म्हणजे विधवेची, कशी विल्हेवाट लावायची हा प्रश्न जातीला सोडवावाच लागतो, हे त्यांनी गणितासारखे मांडले आहे. घुर्यांनी जातीची सहा लक्षणे सांगितली. त्यांतले एक विवाहाचे. आंबेडकर सोळा वर्षे आधी म्हणत होते की बाकीची लक्षणे त्यातून निघतात. दोघेही एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे विद्यार्थी. एकाचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, दुसऱ्याचे गाव मालवण. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे त्या काळी दोन्ही गावे रत्नागिरी जिल्ह्यातच होती. मालवणचा माणूस म्हणून घुर्यांविषयी मला जे वाटत होते ते अजूनही वाटते, त्यांच्याशिवाय हा विभाग असा उभा राहिला नसता. पण माझ्या घरातल्या दोन जातींच्या दोन भावांचे कोडे घेऊन मी ज्यांच्याकडे पुन्हा पुन्हा गेले ते आंबेडकर होते, कारण त्यांनी जातीला चालते यंत्र म्हणून पाहिले होते, आणि यंत्र कसे चालते हे त्याच्याखाली सापडलेल्या माणसाला जास्त कळते.

पहिल्या सत्राच्या मध्यावर नातेव्यवस्थेच्या पेपरसाठी एक गृहपाठ मिळाला. प्रत्येकाने आपल्या कुटुंबाची किमान चार पिढ्यांची वंशावळ काढायची. प्रत्येक व्यक्तीचे नाव, जन्मगाव, शिक्षण, काम, लग्न कुठे झाले, कोण कधी कुठे स्थलांतरित झाले. पुरुषांइतकीच स्त्रियांची माहिती हवी, अशी सरांनी अट घातली होती. घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी भारतभर हिंडून नात्यांचे शब्द आणि लग्नाच्या रीती गोळा केल्या आणि १९५३ मध्ये नातेव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ सिद्ध केला, तो आम्ही त्याच वेळी वाचत होतो. मामाच्या मुलीशी लग्न चालते पण आत्याच्या मुलीशी नाही, हा आमच्याकडे कधी कोणी विचारातही न घेतलेला फरक त्यांच्या पानांवर एका मोठ्या नकाशाचा भाग झालेला दिसत होता. वंशावळ सोपी वाटली होती. कागदावर पुरुषांची नावे पाच पिढ्या मागे सहज गेली, कारण नाव, वडिलांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव अशी साखळी आमच्या तोंडातच असते. बायकांची साखळी पणजीपाशी तुटली. तिचे सासरचे नाव लक्ष्मी, एवढे माहीत होते. तिचे जन्मनाव, तिचे माहेर, ती कोणाची मुलगी, याची नोंद कुठेच नव्हती, त्या तपकिरी रजिस्टरातसुद्धा, कारण ती कधी शाळेतच गेली नव्हती. तिच्या मुलाच्या नावापुढे निदान 'गैरहजर' तरी लिहिले गेले.

मी रात्री वडिलांना फोन केला आणि विचारले. त्यांनाही माहीत नव्हते. आजीलाही नव्हते, सासूचे माहेरचे नाव विचारण्याची तिच्या वेळी रीत नव्हती. कशाला हवे, असे वडिलांनी विचारले. अभ्यासाला, मी म्हटले, आणि मग, का कोण जाणे, मी त्यांना त्या मुलाखतीत काय बोलले ते सांगून टाकले. पलीकडे काही क्षण नुसती लाटांची गाज ऐकू येत होती. "बरा," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

दोन तासांनी, दहा वाजून गेल्यावर, त्यांचा फोन आला. परळची काकी मघाशीच झोपली होती म्हणून मी गॅलरीत जाऊन घेतला. ते वाड्याच्या दुसऱ्या टोकाला, नव्वदी ओलांडलेल्या एका आजीकडे चालत गेले होते. तिची आई आणि माझी पणजी एकाच गावाहून या वाड्यात सून म्हणून आल्या होत्या. पणजीचे माहेर देवबागचे, खाडीच्या बाजूचे घर. जन्मनाव येसू. बाप होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. तिला चार भाऊ, त्यांतले दोघे वेंगुर्ल्याच्या बंदरात मालाच्या गलबतांवर गेले. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला पोहता येत होते, आणि ते सासरी कोणाला आवडले नव्हते. वडील एकेक गोष्ट सावकाश, मी लिहून घेते आहे याची वाट पाहत सांगत होते, मध्येच थांबून त्या आजीला पुन्हा विचारत होते, आणि पलीकडून तिचा कापरा आवाज मला ऐकू येत होता. माझी वही संपली तेव्हा मी आजोबांच्या उताऱ्याच्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहू लागले.

"आणखी काय विचारूचा आसा तर आताच सांग," वडील म्हणाले. "म्हातारी अजून जागी आसा."